दिवसांची वही

"कोणाची गं तू?"

गावात शिरल्यावर पहिला प्रश्न हा. मी आजोबांचं नाव सांगितलं. पारावरच्या बाबांनी मान हलवली, म्हणजे ओळख पटली. दुसरा प्रश्न लगेच आला.

"तुला रोज किती?"

म्हटलं, रोज नाही बाबा, मानधन मिळतं. महिन्याला ५,००० रुपये. बाबांनी बोटांवर काहीतरी मोजलं, जमेना, मग शेजारच्या बारावीच्या पोराला मोबाइलवर भागाकार करायला लावला. १६६ रुपये ६६ पैसे. बाबा हसायला लागले ते थांबेचनात. त्यांची सून त्या आठवड्यात दिंडोरीकडे द्राक्षाच्या खरड छाटणीला गेली होती आणि तिचा रोज माझ्या दुप्पट होता. "म्हंजे तू आमच्या सुनंपेक्षा स्वस्त," ते म्हणाले, "आन वर आम्हालाच फुकट राबवायला आली का?"

एप्रिल २०१८ मधली ही गोष्ट. मी नुकतीच बी.ए. झाले होते, वय २१, आणि खांद्याला लावलेल्या पिशवीत एक कोरी शंभर पानी वही होती. राष्ट्रीय युवा स्वयंसेवक म्हणून वर्षभर त्र्यंबक तालुक्यात काम करायचं होतं. काम काय, तर गावागावांत युवा मंडळं उभी करायची, असलेली जागी करायची, आणि गावाची कामं गावातल्याच पोरापोरींनी हातात घ्यावीत अशी काहीतरी घडी बसवायची. कागदावर हे वाचताना अंगावर मूठभर मांस चढतं. पारावर सांगायला गेलं की रोज किती, इथे गाडी अडते.

थोडं त्या योजनेबद्दल. ती नेहरू युवा केंद्रांमार्फत चालायची. नेहरू युवा केंद्रं १९७२ साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात सुरू झाली. १९८७ मध्ये त्यांचं स्वायत्त संघटन झालं. २०१०-११ च्या सुमारास जुन्या दोन स्वयंसेवक योजना एकत्र करून ही नवी आली. तेव्हा वय १८ ते २९, शिक्षण किमान दहावी, तालुक्याला साधारण दोघं, मुदत एक वर्ष, फार तर दोन. ही नोकरी नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलं जायचं. माझ्या आईला ते शेवटपर्यंत पटलं नाही. शेजारणींना ती "पोरगी सरकारी कामाला लागली" असंच सांगायची.

वडील सातपूरला एमआयडीसीत कामाला. मूळ गाव हरसूलच्या बाजूला, आधार कार्डावरचा पत्ता तिथलाच, म्हणून मला हा तालुका मिळाला. पण मी वाढले सातपूरला. गाव म्हणजे दिवाळीची सुट्टी आणि आजीच्या हातची नागलीची भाकरी, एवढीच माझी ओळख. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत होते. दोन वर्षांत २४० तास, सात दिवसांचं शिबिर, आणि छातीवर तो निळा-लाल बिल्ला. त्यातल्या कोणार्कच्या चाकाचे आठ आरे म्हणजे आठ प्रहर, चोवीस तास सेवेला तयार, असं आम्हाला पाठ होतं. शिबिरात आम्ही एका गावात सात दिवस शोषखड्डे खणले होते. आठव्या दिवशी बसमध्ये गाणी म्हणत परत आलो. त्या खड्ड्यांचं पुढे काय झालं हे विचारायला आमच्यातलं कोणीही परत गेलं नाही. मीही नाही.

पहिले चार महिने मी फार खूश होते. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून सकाळची एसटी पकडायची, गिरणारे, मग वाघेऱ्याचा घाट, आणि पुढे वाट दिसेल तिथे. माझा जोडीदार हरसूलजवळचाच मुलगा. त्याच्याकडे जुनी मोटारसायकल होती आणि माझ्याहून दुप्पट समज. पाच गावांत मंडळं झाली. एका गावात ३८ नावं आली. ३८! मी ती नावं रात्री घरी मोजायचे. स्वच्छतेचा कार्यक्रम, योग दिन, वृक्षारोपण, प्रत्येक वेळी मागे फलक आणि पुढे हातात झाडू किंवा रोप. फोटो मला फार आवडायचे, हे कबूल करते. कोणी मागितले म्हणून मी ते काढत नव्हते. त्यात मी छान दिसायचे.

एका सकाळी आम्ही बावीस जणांनी शाळेसमोरचं पटांगण झाडलं. दुसऱ्या दिवशी मी मुक्कामाला होते म्हणून लवकर उठले, तर अंगणवाडीच्या मदतनीस बाई तेच पटांगण झाडत होत्या. रोज झाडतात तसं. काल आम्ही झाडलं तेव्हा त्या कडेला उभ्या होत्या आणि मी त्यांना "काकू, या ना फोटोत" असं म्हटलं होतं. त्यांच्या हातात खराटा नव्हता म्हणून एकाने स्वतःचा दिला. तो खराटा त्यांचाच होता.

नाशिकमध्ये गाडगे महाराजांचं नाव पुलाला आहे, त्यांनी यात्रेकरूंसाठी बांधवून घेतलेली धर्मशाळा आहे. गावात शिरायचं, कोणाला न सांगता खराटा हातात घ्यायचा, रस्ता झाडायचा, आणि मग संध्याकाळी त्याच लोकांसमोर कीर्तन. शाळेत हे दरवर्षी निबंधात लिहितो आपण. त्यातला क्रम मात्र माझ्या लक्षात आला तो त्या पटांगणावर, आणि तोही खालमानेने.

त्याच काळात मी एक संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुरू केला होता. पाचवी ते आठवीची मुलं, समाजमंदिरातला एक बल्ब, आणि मी. मुलं जीव लावायची, मीही. इंग्रजी, गणित, कविता, सगळं मीच शिकवायचे. ऑगस्टमध्ये मला ताप आला आणि मी नऊ दिवस सातपूरला पडून राहिले. परत गेले तर समाजमंदिरात युरियाच्या गोण्या रचलेल्या होत्या. मुलं दिसली की लाजून हसायची. वर्ग परत भरला नाही. बंद पडला म्हणून कोणी भांडलंही नाही, हे जास्त लागलं.

पुष्कळ नंतर, अमेरिकेत शिकायला गेलेल्या एका मैत्रिणीकडून तिथल्या अशाच एका योजनेबद्दल ऐकलं. 'व्हिस्टा' नावाची. १९६५ पासून चालू आहे, आता 'अमेरिकॉर्प्स'चा भाग आहे. वर्षभर एखाद्या गरीब वस्तीसाठी काम करायचं, आणि निर्वाहभत्ता मुद्दाम दारिद्र्यरेषेच्या आसपास, म्हणजे ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्यासारखंच भागवायचं. हे ऐकून मी म्हटलं, यात काय विशेष, आमच्याकडेही बाबांनी भागाकार करून दाखवला होता. पण पुढची गोष्ट ऐकून मी गप्प झाले. तिथे स्वयंसेवकाने स्वतः मुलांना शिकवायचं नसतं. शिकवणारी माणसं शोधायची, त्यांचं वेळापत्रक लावायचं, पैसा-साहित्य उभं करायचं, आणि आपण गेल्यावर ते चालेल असं करून निघायचं. मी नेमकं उलटं केलं होतं. बल्बसुद्धा मीच आणला होता. कोणाचं काही गुंतलेलंच नव्हतं त्यात, मग भांडणार कोण?

सप्टेंबरात, २३ तारखेला, विसर्जनाच्या दिवशी मी नाशकातच होते. गोदाघाटावर मूर्ती नदीत न सोडता दान करा, निर्माल्य कलशात टाका, असं सांगायला शेकडो पोरंपोरी उभी असतात. मीही टी-शर्ट घालून रामकुंडाच्या अलीकडे उभी राहिले. फॉर्म भरला की नाव लागतं, टी-शर्ट मिळतो, चार तास उभं राहायचं. काही घरं मूर्ती हातात देताना रडतात. एका आजोबांनी मूर्ती दिली, पाच पावलं गेले, परत आले, मूर्तीच्या कानात काहीतरी बोलले आणि मग गेले. संध्याकाळी सातनंतर टी-शर्ट विरळ होत गेले, गर्दी वाढत गेली, हेही खरं. तरी या एका दिवसाच्या स्वयंसेवकांना हसणाऱ्यांतली मी नाही. नदीत जाणारं प्लास्टर त्या दिवशी तेवढं तरी कमी होतं. आणि शेजारी कोण उभा आहे, कुठल्या वस्तीतला, कोणाच्या घरचा, हे तिथे कोणी विचारत नाही. या गोष्टीकडे मला पुढे परत यायचं आहे.

आता बंधाऱ्याची गोष्ट.

त्र्यंबककडे पाऊस असा कोसळतो की चार महिने कपडे वाळत नाहीत, आणि एप्रिलमध्ये बायका डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरतात. नवख्याला हे कोडं वाटतं. जमीन उताराची, खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर. पाणी थांबायला जागाच नाही. आमच्या बाजूचं तर दमणगंगेच्या खोऱ्यातून थेट गुजरातकडे निघून जातं. पावसाळा सरला की ओढ्यांना जो बारीक प्रवाह उरतो तो अडवायला वनराई बंधारा घालतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या घ्यायच्या, वाळू-मातीने पाऊण भरायच्या, सुतळीने तोंड शिवायचं, आणि विटांसारख्या सांधेमोड करून ओढ्यात आडव्या रचायच्या. सिमेंट नाही, लोखंड नाही, ठेकेदार नाही. लागतात ती माणसं. तीही एका दिवशी एका ठिकाणी.

गोण्या मी जमवल्या. गंगापूर रोडच्या बाजूला इमारतींची कामं चालू होती, तिथल्या वॉचमनांना गाठून ४०० गोण्या घेतल्या. निम्म्या फुकट, निम्म्या तीन रुपयांना एक. पिकअपच्या मागे टाकून गावात आणल्या. ग्रामसभेनंतर बैठक घेतली. नोव्हेंबरातला एक रविवार ठरला. चाळीस हात वर झाले, मी मोजले. रविवारी सकाळी सातला ओढ्यावर सहा जण होते. त्यातले दोन आम्ही स्वयंसेवक, आणि एक जण सासुरवाडीला जाता जाता थांबलेला.

मी चिडले. जोडीदाराला म्हटलं, यांच्यासाठी करतोय आणि यांनाच पडलेलं नाही. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने मला मोटारसायकलवर बसवून गिरणाऱ्याला नेलं.

ज्यांनी गिरणाऱ्याचा मजूर बाजार पाहिला नाही त्यांनी एकदा थंडीत पहाटे जाऊन पाहावा. पेठ, हरसूल, सुरगाण्याकडून पिकअप येतात, प्रत्येकीत वीस-पंचवीस माणसं उभी. बायकांच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, कंबरेला छाटणीची कात्री, हातात भाकरीचं फडकं. बागायतदार येतात, मुकादमाशी बोलतात, रोज किंवा एकराचा ठेका ठरतो, टोळीच्या टोळी दुसऱ्या गाडीत चढते. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की पुढे महिनाभर बागेला माणूस पुरत नाही. डोळे फुटतात, फेल म्हणजे जादा फुटवे काढायचे, घड विरळायचे. वर्षातले चांगल्या मजुरीचे दिवस हेच. आणि ओढ्याचा प्रवाह अडवायचे दिवसही नेमके हेच. चाळीसातले मला त्या बाजारात किमान बारा दिसले. एकीने मला पाहून पदराने तोंड झाकलं. त्याची तिला लाज वाटली आणि मला तिच्याहून जास्त.

मी त्यांच्याकडे एक दिवस फुकट मागितला होता. त्या दिवसाची किंमत साडेतीनशे रुपये होती, त्यांना पक्की माहीत होती, आणि मला माझ्या दिवसाची माहीत नव्हती.

परत आल्यावर पारावर गेले. बाबांना म्हटलं, लोक येत नाहीत. बाबा म्हणाले, "फुकट बोलावलं तर कोण येईल? आन पैशे देऊन बोलावशील तर तुझ्याकडं पैशे नाहीत. सावड माग."

सावड हा शब्द मला पुस्तकातून माहीत होता. देशावर इर्जिक म्हणतात तिचीच ही बहीण, पण थोडी वेगळी. इर्जिकीला सगळे एकाच्या शेतात राबतात आणि तो सगळ्यांना पोटभर जेवू घालतो. सावडीत हिशेब असतो. तू माझ्या आवणीला, म्हणजे भातलावणीला, एक दिवस आलीस, मी तुझ्या सोंगणीला, म्हणजे कापणीला, एक दिवस येईन. जेवण ज्याचं त्याचं. पैसा मधे येत नाही, पण फुकट काही नाही. मी म्हटलं, पण बंधारा कोणा एकाचा नाही, मग सावड कोणी घालायची? बाबा म्हणाले, "तू घाल."

रात्री वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "मला विचारायचं होतंस." मग आठवण करून दिली, सातपूरच्या घराचे पत्रे बदलले तेव्हा कंपनीतले चौघं रविवारी आले होते, आणि पुढचे चार रविवार ते घरी नव्हते. लहानपणी मला वाटायचं, वडिलांना रविवारी घरी थांबायला आवडत नाही.

पुढचे सोळा दिवस मी आणि मंडळातली चार पोरं लोकांच्या शेतात होतो. भाताची सोंगणी बरीचशी उरकत आली होती, पण झोडणी बाकी होती, नागली-वरई खळ्यावर पडली होती. मला विळा धरता येत नव्हता. पहिल्याच दिवशी डाव्या हाताच्या करंगळीवर कापलं, त्याची रेघ अजून आहे. ज्या घरी जायचे तिथली म्हातारी माणसं माझ्या कामाकडे पाहून हसायची आणि तरी पुरा दिवस धरायची. वहीत मी दोन रकाने पाडले, एकीकडे 'दिला', दुसरीकडे 'आला'. घराचं नाव, दिवस, खूण. पहिल्या पानावरची ३८ नावांची यादी मी फाडली नाही, तशीच राहू दिली. नंतर पोरं ती पाहून मला चिडवायची.

डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी ओढ्यावर २७ माणसं आली. कोणाला बोलवावं लागलं नाही. ज्याच्याकडे दिवस बाकी होता तो आला, नाही आला त्याने भाऊ पाठवला. दुपारी दोनपर्यंत बंधारा उभा राहिला.

संध्याकाळपर्यंत तो बगलेतून गळायला लागला. काठात खोल खणून गोण्या आत घुसवायच्या असतात, ते आम्ही घाईत नीट केलं नव्हतं. पाण्याने भिंतीला हातही न लावता शेजारून वाट काढली. पाणी किती शहाणं असतं ते ओढ्यात उभं राहिल्यावर कळतं.

या वहीमुळे मी एक मोठी चूक केली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

गावाच्या खालच्या अंगाला एक मावशी राहायच्या. नवरा गेलेला, एकरभर भात, गुडघे दुखरे, मुलगी दहावीत. त्यांच्याकडे आमचे दोन दिवस झाले होते. बंधाऱ्याच्या दिवशी त्या आल्या नाहीत, मुलीबरोबर भाकऱ्या आणि मिरचीचा ठेचा पाठवला. रात्री वही घेऊन बसले आणि मला वाटलं, या बाईकडून काय घ्यायचं? त्यांच्या नावावर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'माफ'. त्या क्षणी मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटलं.

वही समाजमंदिरात खिळ्याला टांगलेली असायची, कोणीही पाहावी म्हणून. मुलीने वाचलं. दोन दिवसांनी मावशी भर रस्त्यात समोर आल्या.

"माझं नाव का खोडलं?"

"मावशी, तुमचं राहू द्या हो. तुमचे गुडघे—"

"गुडघे माझे. तू कोण माफ करणार?" मी काही बोलायच्या आत त्या पुढे म्हणाल्या, "आज तू माफ केलं. उद्या आवणीला मी कोणाला हाक मारू? हिच्याकडून काही परत येत नाही, असं झालं की सावडीला कोणी बोलवत नाही बाई."

मला दानाची सवय होती, शिबिरातली, फोटोतली, घाटावरची. देणाऱ्याने विसरून जायचं आणि घेणाऱ्याने हात जोडायचे. इथे कर्ज म्हणजे गावातलं आपलं आसन होतं. ते मी त्यांच्या खालून काढून घेतलं होतं, वर शुद्ध हेतूने.

त्यांनी मार्ग स्वतःच काढला. बगल दुरुस्त करायला आणखी गोण्या लागणार होत्या. "बसून शिवायला गुडघे लागत नाहीत," म्हणाल्या. पोरांनी भरलेल्या गोण्या अंगणात आणून टाकायच्या आणि मावशींनी दाभण-सुतळी घेऊन तोंडं शिवायची. मी शेजारी बसून शिकले. तोंड दोनदा दुमडायचं, दाभण तिरकं घालायचं, आणि शेवटच्या टाक्याला सुतळी ओढून गाठ न मारता आत खोचायची, म्हणजे पुढच्या वर्षी सुतळी सोडवून परत वापरता येते. माझ्या गाठी त्यांनी कात्रीने कापल्या. दोन दिवसांच्या जागी त्या तीन दिवस बसल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वही मागवली, मुलीकडून 'माफ' खोडून घेतलं, तीन खुणा करवल्या आणि म्हणाल्या, "आता एक दिवस तुझ्यावर."

इथे थांबले तर हा लेख सावडीचं गुणगान होईल, आणि ते मला मान्य नाही. त्या वहीत गावातली दोन घरं नव्हतीच. ओढ्याच्या पलीकडे राहणारी कातकरी घरं. त्यांच्याकडे शेत नाही, म्हणजे त्यांना कोणाचा दिवस नको. कोणाचा दिवस नको म्हणजे सावडीत जागा नाही. त्यांनी फक्त मजुरी करायची. माझ्या दोन रकान्यांत ते बसत नव्हते आणि महिनाभर माझ्या ते ध्यानातही आलं नाही. त्यातला एक दादा बंधाऱ्यावर स्वतःहून आला होता. खेकडे धरून धरून त्याला ओढ्याचा तळ पाठ होता. पाणी बगलेतून जाईल हे तो दुपारीच म्हणाला होता, पण त्याचं कोणी ऐकलं नाही. दुरुस्तीच्या वेळी भिंत कुठून वळवायची ते त्यानेच काठी टेकवून दाखवलं.

त्याचा दिवस मी 'आला'मध्ये लिहिला. 'दिला'मध्ये काय लिहायचं? त्यालाच विचारलं. म्हणाला, रेशन कार्ड. मग त्याच्याबरोबर तालुक्याला दोन हेलपाटे मारले. ते दोन दिवस वहीत आहेत. वही पाहून एकाने विचारलं, "त्याची कसली सावड?" मी उत्तर दिलं नाही, पण खोडलंही नाही.

घाटावरच्या टी-शर्टवाल्यांची आठवण मला तेव्हा झाली. सावड ओळखीवर चालते, आणि ओळखीला कुंपण असतं. नाशकात तर हे विसरून चालणारच नाही. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो पाच वर्षांहून अधिक काळ नेटाने चालवला. त्यात गावोगावचे जे आले ते कोणाच्या शेतातला दिवस फेडायला आले नव्हते. उलट गावाकडे काम बंद होईल, पाणी तोडलं जाईल, ही भीती घेऊन आले होते. पाच वर्षं माणसं येत राहिली म्हणजे कोणीतरी त्यांच्या राहण्या-जेवण्याची, तुकड्यांची, निरोपांची व्यवस्था लावत राहिलं असणार. मंदिरासमोरून जाताना हल्ली मला घोषणांच्या आधी ती व्यवस्था आठवते.

बंधाऱ्यातलं पाणी साधारण होळीपर्यंत टिकलं. सहा-सात घरांनी हरभरा आणि वाल केले, बायकांचं धुणं जवळ आलं, गुरांना पाणी मिळालं. पिण्याच्या पाण्याचा प्रश्न सुटला नाही, एप्रिलमध्ये टँकर आलाच. माझी मुदत ३१ मार्चला संपली. प्रमाणपत्र आईने फ्रेम करून सातपूरच्या घरात लावलं, देवाच्या फोटोच्या बरोब्बर शेजारी. वही मी गावात ठेवून आले.

२०१९ ला बंधारा झाला नाही. पाऊस नोव्हेंबरपर्यंत लांबला, भाताचं नुकसान झालं, द्राक्षबागांचंही. २०२० ला झाला. टाळेबंदीत शहरातली पोरं घरी आली होती, हातही होते आणि वेळही. मला तो व्हॉट्सॲपवर कळला. एक फोटो आला होता, धूसर, फलक नाही, कोणी कॅमेऱ्याकडे बघत नाही. पुढची वर्षं कधी झाला, कधी नाही. मधे एकदा गेले तेव्हा वही पाहिली. माझे रकाने संपून मागच्या पानांवर क्रिकेटचे धावफलक होते, आणि त्याच्याही मागे, कोणाच्या तरी वेगळ्या अक्षरात, पुन्हा दोन रकाने. लग्नाच्या मांडवाला कोणी किती दिवस दिले त्याचे. एका ओळीवर त्या कातकरी दादाचं नाव होतं. फक्त एका.

आता मी नाशकातच एका संस्थेत नोकरी करते. स्वयंसेवकांचं नियोजन, म्हणजे दिवसभर फोन आणि एक्सेल. गेल्या नोव्हेंबरात मीटिंगमध्ये असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. मावशींची मुलगी. ती आता नर्सिंग करून हरसूलला लागली आहे.

"ताई, आई बोलतेय बघा." आणि मग मागून तोच आवाज, "तुझा एक दिवस राहिलाय. रविवारी सोंगणी आहे."

मी म्हटलं, "येते मावशी. विळा आणू का?"

"तुझा नको. इथला घे."